संघ कुणाभोवती बांधावा?

पावसाळा सरत आला की आपल्या शाळांतून सामन्यांची धांदल सुरू होते. तालुक्याला संघ न्यायचा असतो. मुलं असतात शंभर आणि जागा असतात दहा-बारा. मास्तर कागद-पेन्सिल घेऊन बसतात. खालची नावं लिहायला फारसा वेळ लागत नाही. हात थांबतो तो पहिल्या नावावर. ज्याच्यावर बाकीच्यांनी भार टाकायचा, ज्याच्याकडे पाहून बाकीच्यांनी खेळायचं, तो गडी कोण? सर्वांत जोरात पळतो तो? सर्वांत जास्त गुण मिळवतो तो? की ज्याच्या शेजारी उभं राहिलं म्हणजे साध्या पोरालाही बळ चढतं तो?

हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात राजेरजवाड्यांनी, प्राध्यापकांनी आणि शहरांतल्या जिमखान्यांनी तो आपापल्या परीने सोडवून पाहिला आहे. कुणाला उत्तर बरोबर आले, कुणाचे चुकले. त्याचाच थोडा इतिहास आज सांगणार आहे. दाखले बहुतेक क्रिकेटचे देईन. कारण असे की या खेळात प्रत्येक धाव आणि प्रत्येक बळी वहीत टिपून ठेवण्याची चाल आहे. त्यामुळे कुणी कुणाची निवड केली आणि ती कशी फळली, हे सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही पडताळून पाहता येते.

आपण कोल्हापूरकर मंडळी मूळची तालमीतली. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला जाऊन आले. तिकडची मोठी गोल प्रेक्षागृहे त्यांच्या मनात भरली आणि १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान तयार झाले. मल्ल पारखावा, त्याला खुराक द्यावा, वस्ताद द्यावा आणि मग लाल मातीत उतरवावा, ही रीत आपल्या रक्तातली आहे. पण कुस्तीत मल्ल एकटा असतो. जिंकला तर तो, हरला तर तो. संघाचा हिशेब निराळा आहे. अकरा मल्ल गोळा केले म्हणजे संघ होत नाही. अकराजणांत एक असा लागतो की ज्याच्यामुळे उरलेल्या दहांची किंमत वाढते. तो ओळखायला डोळस पारखी पाहिजे. आणि पारख्याच्या डोळ्यावर जातीची, नात्यागोत्याची झापड असली म्हणजे काय होते, तेही इतिहासाने दाखवून ठेवले आहे.

बाळू पाळवणकर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. घराणे कोकणातले, चर्मकार समाजातले. पुण्याला साहेबांच्या क्लबात खेळपट्टी राखायच्या कामावर महिना चार रुपयांवर ते होते. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डाव्या हाताची फिरकी अशी तयार झाली, की पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्याला त्यांच्यावाचून संघ उभा करता येईना. १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्व जमातींचा संघ विलायतेला गेला. संघाने मार पुष्कळ खाल्ला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

म्हणजे संघ कुणाभोवती बांधला होता? उघडच बाळूंभोवती. परंतु पुण्यात खेळ चालू असताना चहाची वेळ झाली, की बाकीचे मंडपात बसत आणि बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळे. आणि हिंदू संघाचा नेमलेला कप्तान म्हणून त्यांचे नाव कधीच लागले नाही. भार सगळा त्यांच्या खांद्यावर आणि मान दुसऱ्याला! त्याच काळात आपल्या कोल्हापूर दरबाराने १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी शेकडा पन्नास जागा राखण्याचा हुकूम काढला होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. क्रिकेटच्या मैदानाला तेवढी अक्कल यायला आणखी वीस वर्षे लागली. १९२३ साली बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले आणि त्या वर्षी चौरंगी सामन्यांत हिंदू संघ जिंकला. संघाला कप्तान आधीपासूनच हाताशी होता. बघणाऱ्यांना तो दिसत नव्हता एवढेच.

आता दुसरी गोष्ट पाहू. १९३४-३५ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. महाराष्ट्राच्या संघाची सूत्रे प्राध्यापक दि. ब. देवधरांकडे होती. देवधर पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवीत. १८९२ सालचा जन्म. म्हणजे इतर लोक ज्या वयात छत्री घेऊन फिरायला जातात, त्या वयात हे बॅट घेऊन मैदानात उभे. १९४० साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. पण देवधरांचे खरे मोठेपण त्या धावांत नाही. आपल्यानंतर संघाचा खांब कोण होणार, हे त्यांनी हेरले होते. तो खांब म्हणजे सांगलीचे विजय हजारे.

हजारे एका शाळामास्तरांचे चिरंजीव. आठ भावंडांचे घर. बोलणे कमी, हसणे त्याहून कमी, पण खेळपट्टीवर उभे राहिले की झाड रोवल्यासारखे. देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनी त्यांना आश्रय दिला आणि ऑस्ट्रेलियाचा नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याची शिकवणी मिळवून दिली. हेच विक्रमसिंहराव पुढे १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले. गुरुजींनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट इथे आहे. हजारेंची उभे राहण्याची ढब मुलखावेगळी होती, पुस्तकात बसणारी नव्हती. ग्रिमेटने ती मोडली नाही. मुलाचे उपजत अंग कायम ठेवून त्याला पक्के करणे, हेच शिक्षकाचे कसब.

१९३९-४० च्या मोसमात पुण्याला हजारेंनी महाराष्ट्रातर्फे बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी, असा दोनदा लागोपाठ रणजी करंडक महाराष्ट्राकडे आला. वयस्क कप्तानाचे शहाणपण आणि तरुण खांबाची स्थिरता, असा तो संघ होता.

परंतु ज्या बडोद्याला हजारेंनी झोडपले, त्या बडोद्यानेच पुढे त्यांना आपल्याकडे नेले. संस्थानची नोकरी मिळाली, हजारे बडोद्याचे झाले आणि १९४२-४३ साली करंडकही बडोद्याचा झाला. महाराष्ट्र १९४०-४१ नंतर पुढच्या ऐंशी वर्षांत एकदाही करंडक जिंकू शकला नाही. सगळा दोष एकाच्या जाण्यावर घालणे बरोबर होणार नाही. पण घराचा मधला खांब काढला म्हणजे वासे किती दिवस तग धरणार?

अशीच एक गोष्ट साता समुद्रापलीकडे अमेरिकेत घडली. तिकडे बेसबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. आपल्या क्रिकेटचा तो लांबचा भाऊबंद म्हणा. बॉस्टन शहराच्या संघात बेब रूथ नावाचा खेळाडू होता. चेंडू टाकण्यात पटाईत आणि टोलवण्यात त्याहून पटाईत. १९१९ च्या अखेरीस मालकाने पैशांसाठी त्याला न्यूयॉर्कच्या संघाला विकून टाकले. न्यूयॉर्कच्या त्या संघाला तोवर अजिंक्यपद कधीच मिळाले नव्हते. ते १९२३ साली मिळाले, आणि मग मिळतच गेले. बॉस्टनने १९१८ साली अजिंक्यपद जिंकले होते. पुन्हा जिंकायला २००४ साल उजाडावे लागले. मधे शहाऐंशी वर्षे गेली. तिकडचे लोक त्याला शाप म्हणत. शाप कसला? हातचा कणा विकल्यावर दुसरा उभा करायला पिढ्या लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता इंदूरला जाऊ. माळवा लांब असला तरी होळकरांचे घराणे आपलेच. होळकर दरबाराने १९२३ साली नागपूरच्या एका तरुणाला बोलावून आपल्या फौजेत घेतले. त्यांचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू. पुढे सगळा देश त्यांना सी. के. म्हणून ओळखू लागला. उंच, ताठ, करारी. १९२६ साली मुंबईला विलायती पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकार मारून १५३ धावा काढल्या, आणि १९३२ साली हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचे कप्तान तेच झाले. दरबाराने नायडूंना नुसते खेळायला आणले नव्हते. त्यांच्या हाती संघ दिला. इंदूरच्याच मुश्ताक अलीला त्यांनी पोरवयात हेरले. चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड, भाया अशी माणसे त्यांच्या धाकात आणि छायेत वाढली.

आणि कोल्हापूरचा एक गडीही त्यांच्यात जाऊन मिळाला. ते म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर. १९४५-४६ साली होळकरांनी म्हैसूरच्या संघाविरुद्ध आठ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला. एकाच डावात सहाजणांची शतके. त्यांत सर्वांत मोठी खेळी निंबाळकरांची, १७२ धावांची. त्याच वर्षी होळकरांनी करंडक जिंकला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत हा संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा जिंकला. एका माणसाभोवती नीट बांधलेला संघ काय करू शकतो, त्याचा हा दाखला.

मात्र याच होळकरांच्या वहीत उलटा दाखलाही आहे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात विलायतेचा मोठा फलंदाज डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून खेळला. महायुद्धाचे दिवस होते, त्याची पलटण महूला होती, म्हणून तो गवसला. मुंबईने जिंकण्यासाठी ८६७ धावांचे ओझे टाकले. कॉम्प्टनने एका बाजूने नाबाद २४९ धावा केल्या. पण होळकरांचा डाव ४९२ वर आटोपला आणि मुंबई ३७४ धावांनी जिंकली. पाहुणा कितीही गुणी असो, आयत्या वेळी आणलेल्या पाहुण्याभोवती संघ उभा राहत नाही. पाहुणा आपला डाव खेळतो. घरचा कर्ता इतरांकडून खेळवून घेतो. १९४७ साली याच होळकरांविरुद्ध बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले होते. मग हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली; हजारे २८८, गुल महंमद ३१९. हजारेंसारखा माणूस एका टोकाला निश्चल उभा राहिला म्हणजे दुसऱ्या टोकाच्या गड्याला हात मोकळे सोडता येतात.

आता मी आपल्या कोल्हापूरच्या दोन सुपुत्रांची गोष्ट सांगतो. दोघांचाही जन्म कोल्हापूरचा, आणि योगायोग असा की दोघांचीही जन्मतारीख १२ डिसेंबर. एक १९१९ सालचे भाऊसाहेब निंबाळकर. दुसरे १९२५ सालचे दत्तू फडकर.

डिसेंबर १९४८. पुण्याच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना. काठेवाडने २३८ धावा केल्या. मग निंबाळकर खेळायला आले ते उतरेचनात. भांडारकरांबरोबर त्यांनी ४५५ धावांची भागी केली. ४९४ मिनिटांत ४९ चौकार आणि १ षटकार मारून ते नाबाद ४४३ वर पोचले. जगातील सर्वोच्च धावसंख्या तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनची होती, नाबाद ४५२. फक्त दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या होत्या. खेळ विश्रांतीसाठी थांबला, तेव्हा काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी निरोप दिला, की आता डाव सोडा, नाहीतर आम्ही घरी चाललो. आणि खरोखरच ते सामना सोडून निघून गेले. दहा धावा तशाच राहिल्या. ती खेळी आजही रणजी सामन्यांतली सर्वांत मोठी खेळी आहे. तरीही या माणसाला देशाच्या कसोटी संघात एकदाही जागा मिळाली नाही.

फडकरांचे नशीब निराळे. १९४७ साली ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि सिडनीच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी ५१ धावा काढून तीन बळी घेतले. अॅडलेडला हजारेंनी दोन्ही डावांत शतके काढली, त्याच सामन्यात फडकरांनीही १२३ धावा केल्या. पुढे ते ३१ कसोटी सामने खेळले; धावा १२२९ आणि बळी ६२.

एकाच गावच्या दोघांत असा फरक का पडावा? निवड करणाऱ्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. पण संघाची गरज काय होती, ते उघड आहे. निसार आणि अमर सिंग यांच्यानंतर नव्या चेंडूने मारा करील असा माणूस देशाला हवा होता. फडकर नवा चेंडू टाकत आणि वर फलंदाजीही करत. म्हणजे अकरात बारा माणसे झाली. निंबाळकरही नुसते फलंदाज नव्हते. ते गोलंदाजी करत, प्रसंगी यष्टींमागे उभे राहत. परंतु फलंदाजांच्या रांगेत हजारे, मर्चंट, अधिकारी अशी मंडळी आधीच उभी होती. गड्याचे मोल त्याच्या एकट्याच्या आकड्यावर ठरत नाही, संघात कुठली जागा रिकामी आहे यावरही ठरते. नियम बरोबर आहे. पण नियम बरोबर असला म्हणून ज्याच्यावर तो चालतो, त्याचे दुःख काही कमी होत नाही. निंबाळकर बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे अशा संघांतून खेळत राहिले. बोलावणे येईल तिथे गेले आणि काम चोख केले. पुढे कोल्हापुरातच राहिले आणि २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच निवर्तले.

मग यातून आपण काय घ्यायचे? संस्थाने विलीन झाली. होळकरांचा संघ १९५४-५५ नंतर त्या नावाने राहिला नाही. राजाची थैली मिटली आणि नायडूंचे वय झाले, तशी ती इमारत खाली आली. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईने सलग करंडक जिंकायला सुरुवात केली आणि १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वर्षे तो सोडलाच नाही. पंधरा वर्षांत कप्तान बदलले, मोठमोठे खेळाडू आले आणि गेले, करंडक तिथेच. कारण मुंबईचा संघ एका खांबावर नव्हता. शाळाशाळांतले सामने, कॉलेजांतले सामने, मैदानामैदानांवरचे छोटे क्लब, १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग. या सगळ्यांतून एक जाताच दुसरा तयार होता. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलची तीच तऱ्हा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. पेठेपेठेची तालीम आपला संघ उभा करते. शाहू स्टेडियमवर मोठ्या भावाचा खेळ बघून धाकटा गल्लीत चेंडू मारायला शिकतो. हा खांब कुणी विकत नेऊ शकत नाही.

तेव्हा गुरुजी, कागदावरच्या पहिल्या नावापाशी हात थांबला तर लाजू नका. तिथे थांबायलाच पाहिजे. ज्याच्यामुळे इतर मुले अधिक चांगली खेळतात, हार दिसू लागली की जो गप्प राहून काम करतो, त्याचे नाव तिथे लिहा. पाटलाचा म्हणून लिहू नका आणि खालच्या आळीतला म्हणून गाळू नका; बाळूंना बाहेर बसवून चहा देणाऱ्यांची नावे आज कुणाच्या ओठावर नाहीत, बाळूंचे आहे. ज्याच्या खांद्यावर भार टाकाल त्याला मानही द्या. पाहुण्यावर भिस्त ठेवू नका. पहिल्या नावाच्या मागे पाचवी-सहावीतली दोन लहान पोरं आतापासून उभी करा, कारण आजचा कर्ता दोन वर्षांनी शाळा सोडून जाणारच आहे.

आणि यादी पुरी झाली म्हणजे एकदा तिच्याबाहेर राहिलेल्या नावांकडेही पाहा. त्यांत एखादा निंबाळकर असतो. जागा नव्हती म्हणून त्याला घेता आले नाही, हे खरे असेल. पण त्याला जवळ बोलावून तसे सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला त्याला सगळ्यांत आधी हाक मारा.